जीभ बधिर होते की नाही, एवढ्यावर विष उतरल्याचे मानावे का?

रसायनी: चिनी वैद्यकातील चुआनवू हा आपल्या बचनागाच्याच कुळातला विषारी कंद. चिनी औषधकोशात त्याच्या शोधनाची, म्हणजे विष कमी करण्याची, कृती अशी आहे: कंद पाण्यात भिजवून ४ ते ६ तास उकळावेत किंवा ६ ते ८ तास वाफवावेत, मोठा, भरीव कंद कापल्यावर आत पांढरा गाभा दिसू नये आणि चाखल्यास जिभेला किंचितच बधिरपणा जाणवावा. त्याच कोशात पुढे आकडेही दिलेले आहेत. अकोनिटिन, मेसअकोनिटिन व हायपअकोनिटिन या तीन विषारी अल्कलॉइडांची बेरीज कच्च्या कंदात ०.०५० ते ०.१७ टक्के असावी आणि शोधित कंदात ०.०४० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातील द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, ही बेरीज नेमकी मोजता येत असताना जिभेच्या साक्षीला आता जागा का असावी, हे मला समजत नाही.

काष्ठौषधी: जागा आहे, आणि ती भट्टीपाशी आहे. पातेले केव्हा उतरवायचे हे उकळणाऱ्याला त्या क्षणी ठरवावे लागते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तो थांबू शकत नाही. बचनागाचे तुकडे गोमूत्रात तीन दिवस ठेवण्याची आपली रीत पाळणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक असेल. (घरी कोणी कच्चा कंद जिभेवर ठेवून पाहू नये, हे सांगायलाच हवे.)

रसायनी: तुमची अडचण खरी आहे, पण जीभ अर्धीच गोष्ट सांगते. उकळताना अकोनिटिनचे जलविघटन होऊन बेंझॉयलअकोनिनसारखी कितीतरी सौम्य द्रव्ये तयार होतात, आणि शोधित चुआनवूत अशा द्रव्यांचे प्रमाण ०.०७० ते ०.१५ टक्के असावे, असे कोश सांगतो. उकळणे फार लांबले तर तीही आणखी तुटून कमी होतात. तसला कंद जिभेला निर्धोकच वाटेल, पण औषध म्हणून तो उतरलेला असेल.

पानफूल: दोघेही एक गोष्ट गृहीत धरता, की समोरचा कंद चुआनवूच आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रांड्रा या वनस्पतीच्या जागी अरिस्टोलोकिया फांगची ही दुसरीच वनस्पती गेली. चिनीत दोन्हींच्या नावात ‘फांगची’ असल्याने हा घोळ झाला, आणि तिच्यातील विषारी अरिस्टोलोकिक आम्लामुळे कितीतरी स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हा वनस्पतीची ओळख आधी पटवावी, टक्केवारी नंतर मोजावी.

काष्ठौषधी: ओळखीबद्दल वाद नाही. मात्र रसायनींनी कोशातले ‘मोठा, भरीव कंद’ हे शब्द पुन्हा वाचावेत. ज्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता सर्वांत उशिरा पोहोचते, तोच कंद परंपरेने परीक्षेला निवडला. प्रयोगशाळेत मात्र लहानमोठे सगळे एकत्र दळून त्या भुकटीची सरासरी काढतात, आणि एखादा कच्चा राहिलेला कंद त्या सरासरीत लपून जातो.

रसायनी: हे मान्य करावे लागेल. मग प्रत्येक घाण्यातील सर्वांत मोठे कंद वेगळे काढून त्यांचा नमुना स्वतंत्र तपासावा आणि ०.०४० ची मर्यादा त्यालाही लावावी. पातेले जिभेच्या कौलावर उतरवा, हरकत नाही. पण त्या नमुन्याचा अहवाल हाती येईपर्यंत माल गोदामाबाहेर पडता कामा नये.