शब्दचर्चा : ट्रॉमा म्हणजे 'आघात' की 'धसका'?

वाईकरीण : दिवाळी अंकासाठी थरारकथा लिहिलीय. समुद्रातलं लहानसं बेट, आठवड्याला एकच बोट, सगळी गोऱ्यांची वस्ती. तिथल्या दवाखान्यात एक काळी नर्स रुजू होते. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत घर पेटवलेलं. बेटावरचे लोक गोड बोलतात, केक आणून देतात, पण घरात कुणी बोलावत नाही. हळूहळू तिचा स्वतःच्याच डोळ्याकानांवरचा भरवसा उडतो. संपादकांनी अनुक्रमणिकेसाठी एक ओळ मागितली. मी लिहिलं : 'बालपणीचा मानसिक आघात आणि एकाकी समुदायातील वर्णद्वेष यांची मानसशास्त्रीय थरारकथा.' शासकीय परिपत्रक वाटतंय. सुचवा काहीतरी.

कृष्णाकाठ, सांगली : 'मानसशास्त्रीय' आधी उडवा. ते शास्त्राचं विशेषण झालं, मनाचं नाही. सरळ 'सायकॉलॉजिकल थ्रिलर' लिहा, वाचकांना तो शब्द ठाऊक आहे.

खरा घोळ 'आघाता'त आहे. घर पेटलं, तो आघात. पुढं कित्येक वर्षांनी कुणी काडी ओढली तरी तिचा घास घशात अडकतो, त्याला आपल्याकडं धसका म्हणतात. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं. पण आमच्या आईनं रेशनकार्ड, सातबारा, पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जी माळ्यावरच्या खिळ्याला टांगली, ती आजतागायत तिथंच आहेत. कागद लागला तर काढून देते आणि झेरॉक्स झाली की परत टांगते. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की जेवता जेवता हात थांबतो, 'आयर्विनला किती?' डॉक्टर याला काहीही म्हणोत, गल्ली म्हणते, काकूंनी पुराचा धसका घेतलाय.

माणदेशी : धसका एखाद्या ठरावीक गोष्टीचा असतो. पुराचा, परीक्षेचा, सासूचा. या बाईचा तर सगळ्यावरचाच विश्वास उडालाय. मी 'बुजणे' सुचवीन. बैल एकदा ओढ्यात बुजला की ओढा कोरडा पडला तरी तिथं पाय रोवून उभा राहतो. 'पोरगं बुजलंय' असं माणसालाही म्हणतोच की आपण.

वाईकरीण : 'बुजलेली' म्हटलं की लाजरीबुजरी डोळ्यांपुढं येते. माझी नर्स तोंडावर उत्तर देणारी आहे. एका मैत्रिणीनं 'हाय खाल्ली' सुचवलं, पण हाय खाल्लेलं माणूस झुरून झुरून जातं. हिला मला शेवटच्या पानापर्यंत जिवंत ठेवायचंय. धसका घेते मी.

पाटणहून : धसक्याला माझं मत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी पाहिला, त्या आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हाच शब्द आहे.

कऱ्हाडवाला : 'वर्णद्वेषा'कडं कुणी बघितलंच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांतून वर्णभेद, वर्णद्वेष हे शब्द आपल्याकडं रुळले. पण मराठीत 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्यही मागोमाग येतं. 'वंशद्वेष' घ्यावा तर वंश कशाला म्हणायचं हा जुना वाद. 2001 च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न वंशभेदात धरावा, असं दलित संघटना म्हणत होत्या आणि भारत सरकार नाही म्हणत होतं. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं कटगुण. त्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. वंश की जात, हा कीस काढत ते बसले नाहीत.

माझा आक्षेप मात्र 'द्वेष'वर आहे. तुमच्या बेटावर द्वेष करताना दिसतं कोण? केक आणतात हो ती माणसं! भीती वाटते ती त्याचीच. आपल्याकडं एसटीत शेजारचा विचारतो, 'पाव्हणं, कुठलं म्हणायचं?' गाव सांगितलं की आडनाव. आडनावावरून उलगडा झाला नाही तर, 'म्हंजे आपल्यातलंच का?' आवाज शेवटपर्यंत गोड. उत्तर मनाजोगतं आलं नाही की पाव्हणा खिडकीबाहेर बघायला लागतो. तुमच्या नर्सला आडनाव विचारायचीही गरज नाही, कातडी बघून काम भागतं. 'द्वेष' लिहून पहिल्याच ओळीत गुपित फोडू नका.

कृष्णाकाठ, सांगली : आणि 'एकाकी समुदाय' नको. एकाकी माणूस असतो, वस्ती नव्हे. 'दुर्गम' सरकारी टिपणीत शोभतं.

माणदेशी : 'वाळीत पडलेलं' कसं वाटतं?

कऱ्हाडवाला : अजिबात नको. वाळीत दुसरे टाकतात. त्याविरुद्ध 2016 चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे. हे बेट आपणहून अलग राहिलंय, उलट इथं वाळीत पडलीय ती नर्स. 'जगापासून तुटलेलं' पुरे.

वाईकरीण : मग ही घ्या : 'आगीचा धसका घेतलेली काळी नर्स, जगापासून तुटलेलं बेट आणि "तू आपल्यातली नाहीस" हे एकदाही न म्हणणारी गोड माणसं.'

पाटणहून : झकास. फक्त 'काळी' खटकतंय. 'कृष्णवर्णीय' करा, नाहीतर 'सावळी'.

वाईकरीण : 'कृष्णवर्णीय' बातमीत ठीक आहे. कथेत ती स्वतःच्या तोंडानं 'मी काळी आहे' म्हणते, आणि तेही ठणकावून. आणि 'सावळी' कशाला? तिला काय वधू-वर सूचक मंडळात नाव घालायचंय?