अनुभव धागा: चांगला माणूस उभा केला, पुढे काय झालं?

सांजवात
माळा आवरताना आज पत्र्याची पेटी निघाली. आत नव्वदीतल्या नगरपालिका निवडणुकीची पत्रकं, ओल लागून एकमेकांना चिकटलेली. चिन्ह शिलाई मशीन. आमच्या वॉर्डातून गणिताची शिकवणी घेणारे सर अपक्ष उभे होते. पाणीपट्टीच्या पावत्यांतला घोळ त्यांनी सहा महिने खेटे घालून बाहेर काढला होता, म्हणून गल्लीनेच त्यांना उभं केलं. मी अकरावीत. आम्ही मुलींनी घरोघर पत्रकं वाटली. प्रत्येक दारात एकच उत्तर, "सरांशिवाय कुणाला देणार गं?"

मतदानाच्या आदल्या रात्री दारं वाजली. आमच्याकडेही खाकी पाकीट आलं. आईने ते देवघराच्या फळीवर ठेवलं आणि रात्रभर कूस बदलत राहिली. सर पडले, तेही मोठ्या फरकाने. दुसऱ्या दिवशी शिकवणीला आले आणि त्रिकोणमितीचं अर्धं राहिलेलं उदाहरण पूर्ण केलं. खडू धरलेला हात थरथरत होता, मला पहिल्या ओळीतून दिसत होतं.

एवढ्या दारांनी तेव्हा आम्हाला खोटं का सांगितलं, हा प्रश्न अजून जात नाही. तुमच्याकडे असं कुणी उभं राहिलं होतं का? आणि तुम्ही स्वतः उमेदवार कसा पारखता? लिहा.

रानवाटा
वाचून पोटात कालवलं. ताई, त्या पाकिटाचं पुढे काय झालं?

एकटी_सही
मी पाच वर्षं सरपंच होते. 2011 पासून आपल्याकडे पंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत, त्यातल्याच एका आरक्षणावर. पहिल्याच महिन्यात कोरं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायची वही, पुढे आलं, "मॅडम, इथं सही करून ठेवा, नंतर लिहून घेतो." मी नाही केली. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याला बाहेर गाठायला लागले, तुम्हीच समजवा म्हणून. ते म्हणाले, सरपंच ती आहे, तिला विचारा. तेवढ्या एका वाक्यावर मी पाच वर्षं काढली.

पण हरले कुठे सांगते. ग्रामसभेला. कोरम म्हणजे सभेला किमान लागणारी माणसं: 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. आमच्या 1,400 मतदारांच्या गावात तेवढीही माणसं यायची नाहीत. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! तीच पंधरा-वीस ठरलेली माणसं बसायची आणि हवे ते ठराव करून उठायची. मला उभं राहा म्हणून हात जोडून घरी आलेले लोक त्या दिवशी शेतात. कुणाला दोष देऊ? भातलावणी थांबत नाही, हेही खरंच. पण मी तिथे एकटी बसलेली असायचे.

टोपीवाला_पुणे
एकटी_सही ताई, नमस्कार तुम्हाला.
माझं 2011 चं. एप्रिलमध्ये अण्णा हजारे लोकपाल कायद्यासाठी दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले तेव्हा इथे पुण्यात आम्ही ऑफिसातले अकरा जण रोज संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन जायचो. ऑगस्टमध्ये तर रस्ता पुरत नव्हता. डिसेंबरात उपोषण मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झालं. मी रजा टाकून गेलो. मैदान रिकामं रिकामं. लोकपाल कायदा 2013 च्या डिसेंबरात संमत झाला आणि पहिला लोकपाल नेमला गेला मार्च 2019 मध्ये. मधल्या पाच वर्षांत आमच्या अकरा जणांपैकी एकानेही एक पत्र लिहिलं नाही, मीसुद्धा नाही. आंदोलन संपल्यावर घरी जाऊन काय करायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. माझ्या मते सगळं तिथेच फसतं.

लाल_बिल्ला
आमचे दादा शेतकरी संघटनेचे, छातीवर लाल बिल्ला. 1980 च्या चाकणच्या कांदा आंदोलनात रस्त्यावर होते, तुरुंगात जाऊन आले. संघटनेचे नेते शरद जोशी, त्यांच्या सभेला गाड्या भरभरून माणसं. आणि निवडणुकीला? तीच माणसं साखर कारखान्याच्या पॅनेलला मत देऊन मोकळी.

लहान होते तेव्हा राग यायचा. आता स्वतः ऊस करते तेव्हा कळतं. पीककर्ज सोसायटीतून, दूध संघात, तोड कारखान्याची, आणि तिन्हीकडे माणसं एकाच घरातली. विरोधात गेलं की कुणी काही बोलत नाही, फक्त ऊसतोडीची टोळी येत नाही. ऊस तुऱ्यावर येतो, फडात वाळतो, वजन घटतं. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय म्हणतो "पुढच्या आठवड्यात बघू". एका हंगामात शेतकरी बसतो. सांजवातताई, तुमच्या दारांतले सगळे खोटारडे नसतील हो. घाबरलेले असतील.

नाशिककर_मावशी
कांदा आंदोलन म्हणताच आठवलं, यंदा चाळीत कांदा फार सडतोय. कुणी खालून हवा खेळती ठेवायला काय केलंय?

लाल_बिल्ला
मावशी, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या आणि थर पाच फुटांवर नेऊ नका. बाकी फोनवर बोलू.

बूथ_क्रमांक_तीन
लाल_बिल्ला म्हणतात त्याचीच पुढची बाजू. सात वेळा मतदान केंद्रावर ड्युटी केली आहे. एका वाडीवर एक आजी शाई लावून घेताना कानात विचारती झाली, "गुरुजी, बटण कुठलं दाबलं ते त्यांना कळतं व्हय?" मी म्हटलं, नाही आजी, कुणालाच कळत नाही. ते खरंच होतं. पण रात्रभर झोप नाही आली, कारण मोजणी मशीनवार होते आणि फॉर्म 20 या निकालाच्या तक्त्यात बूथनिहाय आकडे सगळ्यांना दिसतात. आजीचं मत कळत नाही, आजीच्या वाडीचं कळतं. टँकर कुठे पाठवायचा आणि कुठे नाही, ठरवायला तेवढं पुरतं. अनेक बूथची मतं एकत्र मोजायचं यंत्र सुचवलं गेलं होतं, वापरात आलं नाही. सुधारणा म्हणून मला एकच मागायला सांगितली तर मी हीच मागेन.

अबोली
पोळ्या लाटता लाटता लिहितेय चुकलं तर समजून घ्या. मी प्रतिज्ञापत्रं वाचते. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितल्यापासून उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं लिहून द्यावं लागतं, आयोगाच्या साइटवर सापडतं. एकटं वाचून कळत नाही. मागच्या वेळचं शेजारी ठेवायचं. जमीन पाच वर्षांत किती वाढली, बायकोच्या नावावर काय आलं, उत्पन्न काय दाखवलंय. आणि खटल्यात कलम बघायचं. आंदोलनात रस्ता अडवला म्हणून गुन्हा वेगळा, फसवणुकीचा वेगळा. नुसता आकडा बघून "याच्यावर चार केसेस" म्हणू नका, कळकळीने सांगते. चळवळीतल्या चांगल्या माणसांवर जास्त असतात.

पाणवठा
नोटाबद्दल, म्हणजे "यापैकी कुणीही नाही" या बटणाबद्दल, कुणीच बोललं नाही?

अबोली
आपल्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी नियम केला, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. विधानसभा लोकसभेला तसं नाही. आमच्या वॉर्डात कधी वेळ आली नाही, त्यामुळे अनुभव शून्य. पोळी करपली, आलेच.

आडवी_बाटली
आमच्या गावात दारूबंदीचं मतदान झालं, उभी बाटली की आडवी बाटली. गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. आलेल्यांपैकी नव्हे, एकूण! म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई उभीच्या बाजूची. मुंबईला कामाला गेलेल्या सुनांना फोन करून एसटीने बोलावून घेतलं. जिंकलो.

त्याआधी चौदा महिने तहसील कचेरीच्या फेऱ्या. मतदान मागणाऱ्या बायांच्या सह्यांची पडताळणी चालू असताना कोण उन्हात आमच्या बाजूला बसलं, कोण गाडीतून हात करून गेलं, सगळं डोक्यात पक्कं बसलं. पुढच्या पंचायतीला आम्ही त्यावरूनच माणसं निवडली. पाच उभे केले, तीन आले. त्यातला एक नंतर फिरला. दोघं अजून सरळ आहेत, आणि दर ग्रामसभेला आम्ही वीस-पंचवीस जणी सतरंजी घेऊन जाऊन बसतो, कोरमसाठी.

एकटी_सही
माझ्या गावात एवढ्या जणी असत्या तर... डोळ्यात पाणी आलं बाई.

सांजवात
रानवाटा, तुम्ही विचारलंत म्हणून पेटी पुन्हा उघडली. पाकीट तळाशी आहे. वरचा डिंक तसाच, फोडलेलंच नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली. अलीकडच्या गल्लीत तेव्हा आमच्या भावाचं किराणा दुकान होतं, जागा नगरपालिकेची, भाडेपट्टा दरवर्षी नवा करावा लागायचा. लाल_बिल्लांचं वाचेपर्यंत या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आईने मत कुणाला दिलं, मी तिला विचारलं नाही.
सर आहेत अजून, ऐकू कमी येतं. रविवारी पत्रक घेऊन जाणार आहे.

रानवाटा
जाऊन आलात की लिहा. पत्रकाचा फोटोही टाका, खाली छापखान्याचं नाव असेल बघा.