‘जन्मदंत’, ‘नवजात दंत’ आणि ‘जादा दात’

प्रश्न : नवमातांसाठीच्या एका पुस्तिकेचा मजकूर मी तपासत आहे. दात घेऊनच जन्मलेल्या बाळाविषयी लिहिताना तिच्यात ‘जन्मदंत’, ‘नवजात दंत’ आणि ‘जादा दात’ असे तीन शब्द आलटूनपालटून वापरले आहेत. हे समानार्थी मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत. जन्मतःच हिरडीबाहेर दिसतो तो जन्मदंत आणि जन्मानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत उगवतो तो नवजात दंत. मॅस्लर आणि सवारा या दंतसंशोधकांनी १९५० साली केलेला हा भेद दंतवैद्यकात रूढ आहे. मात्र ‘नवजात’ हे विशेषण येथे बाळाचे असूनही दाताला जोडले गेल्याने नुकताच उगवलेला कोणताही दात असा अर्थ निघू शकतो, म्हणून मी ‘नवजातकालीन दंत’ असे लिहितो.

‘जादा दात’ हा शब्द मात्र सरसकट वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जन्मदंत आणि नवजातकालीन दंत हे बहुतांशी वेळेआधी उगवलेले दुधाचे दातच असतात, आणि तेही बहुधा खालच्या जबड्यातले मधले पटाशीचे दात. ‘जादा’ म्हटले की तो काढला तरी काही बिघडत नाही, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात दुधाचा दात काढला तर त्या जागी दुसरा दुधाचा दात येत नाही आणि सहा-सात वर्षांच्या वयात पक्का दात येईपर्यंत ती जागा रिकामी राहते. दात खरोखरच जादा आहे की नाही, हे क्ष-किरण चित्र पाहून दंतवैद्य ठरवतात.

प्रश्न : ‘दात हलत असल्यास तो पडणार आहे असे समजावे’, हे वाक्य तसेच ठेवावे काय?

उत्तर : ठेवू नये. मोठ्या मुलाचा दात हलतो तेव्हा त्याचे मूळ झिजलेले असते. जन्मदंताचे मूळ अजून तयारच व्हायचे असते, त्यामुळे बोटाचा हलका स्पर्श झाला तरी तो डुलतो आणि पुढे मूळ वाढल्यावर पुष्कळदा घट्टही बसतो. तेव्हा ‘किंचित हलणारा’ आणि ‘गळून श्वासनलिकेत जाण्याची भीती वाटावी इतका सैल’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग करावेत. दुसऱ्या प्रकारचा दात डॉक्टरांनीच काढायचा असतो, कारण पहिल्या काही दिवसांत बाळाचे रक्त नीट गोठत नसते. म्हणूनच शक्य असल्यास दहा दिवस थांबतात आणि ‘के’ जीवनसत्त्व दिले आहे ना, याची खात्री करून घेतात. घरी दोरा बांधून किंवा चिमटीत धरून ओढू नये, हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे. किंचित हलणारा दात दूध पाजून झाल्यावर स्वच्छ, ओल्या, मऊ कापडाने हलक्या हाताने पुसला की पुरे.

आणखी एक दुरुस्ती सुचवतो. दूध ओढताना जीभ दाताच्या धारेवर घासून तिच्या खालच्या बाजूला जो व्रण होतो, त्याला पुस्तिकेत ‘तोंड येणे’ म्हटले असेल तर ते बदलावे. ‘तोंड आले’ म्हटले की घरचे लोक मलम शोधतात, आणि दाताची धार तशीच राहिल्याने बाळ दोन घोट घेऊन रडत स्तन सोडत राहते. ‘दात घासून जिभेखाली झालेली जखम’ असे लिहिले, तर दंतवैद्याकडून ती धार गुळगुळीत करून घ्यायची आहे, हे आईला लगेच कळेल.