उत्तर: पोर्टेबल स्पीकर, पण तानपुऱ्यासाठी
कुठला पोर्टेबल स्पीकर घ्यावा या प्रश्नाला वर एकाने म्हटलंय की वॉट जास्त असलेला घ्या, डोळे झाकून. गच्चीवरच्या पार्टीला किंवा सिंहगडाला न्यायला ठीक आहे हो, पण माझ्यासारखं कोणी रियाजासाठी बघत असेल तर वॉट बघून काही कळत नाही, कारण वॉट म्हणजे ॲम्प्लिफायरची ताकद, खालचे सूर किती वाजणार ते त्यात येत नाही. त्यासाठी डब्यावर बारीक अक्षरात फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (स्पीकर किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत वाजतो ते) लिहिलेला असतो तो बघा.

आमच्या बाबांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी हा त्यांचा सा. मधला सा साधारण १३८ हर्ट्झ आणि तानपुऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालचा सा) त्याच्या निम्मा, ६९. मुठीत मावणारे स्पीकर बहुतेक शंभर हर्ट्झच्या आसपासच दम टाकतात. खर्ज तरीही ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून (त्याच तारेतून सोबत निघणाऱ्या वरच्या सुरांवरून) कान तो भरून काढतो, पण तो भरदारपणा नाही, खर्जाची चौथी तार नुसती टणटणते. शेवटी मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत गेलो, मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि एकेक स्पीकर लाकडी काउंटरवर ठेवून ऐकला (दुकानदार वैतागला होता, दुपारी एकची वेळ, दुसरं काय होणार!). गंमत म्हणजे तोच स्पीकर हातात उचलला की खर्ज पातळ, भिंतीला टेकवून ठेवला की भरलेला. घरी आता कोपऱ्यातल्या कपाटाशेजारी ठेवतो. आणि तबला ॲपवर लावून, पडद्यावरच्या मात्रा बघत सोबत पेटी वाजवणार असाल तर ब्लूटूथ नकोच, आवाज पडद्यापेक्षा किंचित उशिरा येतो, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) गोंधळ होतो, ऑक्सची (मोबाईलला थेट जोडायची) वायर लागणारा घ्या.