मदत हवी आहे: १ सेंटचं हिरवं फ्रँकलिन टपाल तिकीट, पर्फोरेशन (कडेची भोकं) ११ की १०½?

नमस्कार मंडळी, काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांच्या अल्बममध्ये अमेरिकेची बरीच जुनी तिकिटं निघालीत. त्यात बेंजामिन फ्रँकलिनचं १ सेंटचं हिरवं तिकीट आहे, १९२३ मध्ये आलेलं डिझाइन, त्याचे चारपाच नग. आता नेटवर बघावं तर हेच तिकीट एकीकडे चिल्लर भावात आणि दुसरीकडे लाखांत, चित्र तेच रंग तोच, फरक म्हणे दात्यांत आणि छपाईत. स्कॉट कॅटलॉगचे (टपाल तिकिटांची नंबरवार यादी) ५९४ नि ५९६ नंबर दुर्मिळ, ५५२ आणि ६३२ ढिगाने मिळणारे, इथवर कळलं. २ सेंमीमध्ये जितकी भोकं बसतात तो आकडा म्हणजे पर्फोरेशन, हेही कळलं. गेजची (भोकं मोजायची पट्टी) पीडीएफ प्रिंट काढून तिकीट ठेवलं तर वरच्या कडेला ११ मस्त जुळतंय, पण उभ्या कडेला काही तिकिटांत शेवटी शेवटी दाते सरकतात. मग ११ धरायचं का? आणि चारही बाजूंनी ११ आलंच तर ५५२ की ५९४ हे घरी कसं ओळखायचं? घरचे विकून टाक म्हणून मागे लागलेत, जाणकारांनी जरा सांगा.

प्रतिसाद:
आधी तुमचं गेज तपासा हो. प्रिंट 'फिट टू पेज'ने निघाली असेल तर माप बोंबललं, पट्टी लावून बघा गेजवरचे २ सेंमी खरंच २ सेंमी भरतात का. मोबाइलच्या स्क्रीनवर तर मोजूच नका. १०½ आणि ११ मध्ये दोन भोकांमधलं अंतर जेमतेम ०.०९ मिमीने बदलतं, त्यामुळे तीनचार दाते जुळले म्हणून खूश व्हायचं नाही, अख्खी कड जुळली पाहिजे. तुमचे दाते सरकतात म्हणजे ते बहुतेक ११ × १०½, पहिला आकडा आडव्या कडेचा, दुसरा उभ्या कडेचा. ते ६३२, १९२७ चं रोटरीवर (फिरत्या सिलिंडरच्या छपाई मशीनवर) छापलेलं, कोणाच्याही अल्बमात सापडेल. लोक वरची कड मोजतात, ११ आलं की नाचायला लागतात, बाजू मोजतच नाहीत.

आता चारही बाजूंनी ११ असेल तर दात्यांचं काम संपलं, पुढे चित्राचं माप घ्यायचं. ५५२ सपाट प्लेटवर छापलं. रोटरीत प्लेट वाकवून सिलिंडरवर बसवतात, त्यात चित्र ताणलं जातं. म्हणून ५५२ ची उंची साधारण २२ मिमी, ५९६ ची २२½, आणि ५९४ ची रुंदी १९¾. वॉशिंग्टनच्या छापखान्यात रोटरीचे उरलेले तुकडे फेकून न देता ११ च्या मशीनवर भोकं पाडून वापरले, त्यातून ही दोन जन्माला आली. पट्टीने अर्धा मिमी दिसत नसेल तर दुसरं एखादं नक्की ५५२ असलेलं स्वस्त तिकीट घ्या, त्याचे कोपरे चित्राच्या रेषेला धरून कापा आणि आपल्या तिकिटावर ठेवा, खालचं चित्र बाहेर डोकावलं तर पुढचा विचार करा. मागची बाजूही बघा, सपाट प्लेटवाल्यांच्या पाठीवर बरेचदा हिरव्या शाईचे ठिपके असतात.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा! प्रिंट जराशी लहान निघाली होती, परत काढली. सरकणारी सगळी १०½ निघाली. एकाला चारही बाजूंनी ११ आहे, उंची २२, मागे ठिपके आहेत, म्हणजे ५५२ च ना? अजून एकाची डावी कड सरळ आहे, दातेच नाहीत, कोणी कापलंय का?

प्रतिसाद:
हो, ५५२. सरळ कडेचं घाबरू नका, सपाट प्लेटवर ४०० तिकिटांचा मोठा कागद छापून त्याचे १०० चे चार भाग कापायचे, कापल्याजागी भोकं नसायची. मात्र अशाच कडांना नंतर भोकं पाडून 'पूर्ण' तिकीट म्हणून खपवतात, विकत घेताना एका कडेची भोकं बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसली तर हात आखडता घ्या.

आणखी एक, ५९६ ची जी मोजकी माहीत आहेत त्यातल्या बहुतेकांवर कॅन्सस सिटी, मिझुरी असा आधीच छापलेला प्रीकॅन्सल (तिकीट वापरण्याआधीच मारलेला रद्दचा शिक्का) आहे. तसं काही दिसलं आणि मापही जुळलं तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचं (तिकिटं अस्सल आहेत का तपासणारी संस्था) सर्टिफिकेट घेतल्याशिवाय कोणाशी भाव बोलू नका. आणि अल्बममधून सोडवताना वाफ देऊ नका, डिंक जातो.