धोबी की परीट? शरदातल्या पाहुण्या पक्ष्यांच्या नावांची चर्चा

पाणकाठ

तलावाच्या काठावर लावायच्या फलकाचा मजकूर करायचा आहे. विषय आहे पावसाळा ओसरताना येणारे पक्षी. तीन ठिकाणी गाडी अडली आहे. पहिलं, वॅगटेलला, म्हणजे पाण्याकाठी सतत शेपटी हलवणाऱ्या त्या लहान पक्ष्याला, धोबी लिहावं की परीट? दुसरं, मसुद्यात 'पानगळीतले स्थलांतरित पक्षी' असं आलंय, ते कानाला खटकतंय. तिसरं, जे पक्षी इथे मुक्काम करत नाहीत, चार दिवस टेकून पुढे जातात, त्या पॅसेज मायग्रंटना मराठीत काय म्हणायचं?

घाटमाथा

'पानगळ' आधी खोडा. तो युरोपातल्या पुस्तकांतला ऑटम आहे. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं गळतात. आपल्याकडे तेव्हा गवत कमरेएवढं असतं आणि सड्यावर (कातळाच्या पठारावर) सोनकी फुललेली असते. आपली पानगळ शिशिरात, म्हणजे पळस-सावर उघडे पडतात तेव्हा. तोवर पाहुणे येऊन तीन-चार महिने झालेले असतात. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, तोच शब्द वापरा.

पण शरद म्हटलं तरी सगळे त्यात मावत नाहीत. भोरड्यांचे पहिले थवे जुलै-ऑगस्टमध्येच दिसायला लागतात. करडा धोबी ऑगस्टअखेर घाटातल्या ओढ्यांवर हजर होतो. उलट अमूर ससाण्यांची वाट लोणावळ्याच्या बाजूला बघायची ती नोव्हेंबर संपताना. म्हणून मथळ्यात 'शरद' आणि प्रत्येक पक्ष्यापुढे महिना, असं करा. नुसत्या ऋतूवर लोक चुकीच्या वेळी येतात आणि रिकाम्या तलावाला नावं ठेवून जातात.

व्याकरणवेडा

धोबी आणि परीट दोन्ही बरोबर. पाणवठ्याच्या दगडावर उभं राहून शेपटी वरखाली आपटायची सवय, तीही धुण्याच्या घाटावरच; नाव तिथून आलं. मराठी कानाला 'परीट' जास्त घरचा वाटतो. त्यात पांढऱ्या जातीला 'पांढरा परीट' म्हटलं की परीटघडीचा सदराच आठवतो.

मात्र परीट लिहिणार असाल तर सामान्यरूप सांभाळा. 'परीटाची शेपटी' नव्हे, परटाची शेपटी. परटाने, परटाला, परटांचा थवा. फलकावर 'परीटांचे आगमन' रंगवून ठेवलं तर ते दहा वर्षं तसंच राहील. ही भीती वाटत असेल तर धोबी लिहा, तिथे घोळ होत नाही: धोब्याची, धोब्यांचा.

पाणकाठ

धोबी ठरलं. पण मग 'धोबी ऑगस्टअखेर येतो' असं लिहू का? तलावावर धोबी वर्षभर दिसतो, असं इथले मासेमार सांगतात.

घाटमाथा

मासेमार बरोबर सांगतायत. एकट्या 'धोबी' शब्दाने होणारी चूक तीच. कवडा धोबी (काही जण त्याला थोरला धोबी म्हणतात) इथलाच रहिवासी आहे. बाकीचे पाहुणे. फलकावर विशेषण लावल्याशिवाय धोबी लिहूच नका. ओळख अशी:

कवडा: डोकं, गळा, पाठ काळीभोर, भुवई ठळक पांढरी. अंगाने सगळ्यांत मोठा, साधारण २१ सेंटिमीटर. जोडीने राहतो.

पांढरा: चेहरा आणि कपाळ पांढरं, पाठ राखाडी, छातीवर हिवाळ्यात काळी चंद्रकोर. पाहुणा.

करडा: पाठ करडी, पण पोट आणि शेपटीखालचा भाग पिवळा. शेपटी सगळ्यांत लांब, पाय फिकट गुलाबीसर. वाहत्या पाण्याचा, झऱ्याचा पक्षी.

पिवळा: पाठ हिरवट, पाय काळे. ओलं गवत, चरणारी गुरं, थव्याने.

पिवळ्या डोक्याचा: पाठ राखाडी, पंखावर दोन ठळक पांढरे पट्टे. पाणवनस्पतींवर चालताना दिसतो.

सगळ्यांत जास्त गफलत करडा आणि पिवळा यांत होते. करड्याचं पोट पिवळं दिसलं की नवखा माणूस 'पिवळा धोबी' लिहून मोकळा होतो. पोट बघू नका, पाठ आणि पाय बघा. दुसरा सापळा म्हणजे कवड्या धोब्याचं पिल्लू. त्याचं डोकं काळं नसतं, मळकट राखाडी असतं, आणि ते पावसाळ्यातच हिंडायला लागतं. जुलैच्या कित्येक 'पांढऱ्या धोब्यां'मागे हेच पिल्लू असतं. भुवई नीट दिसते का ते पाहावं. पांढऱ्या धोब्याला वेगळी भुवई नसते, अख्खं तोंडच पांढरं असतं.

पिवळा आणि पिवळ्या डोक्याचा यांची पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं तर जवळजवळ बिनरंगी असतात. त्यांत गालाभोवती फिकट कडं पूर्ण फिरलेलं असेल तर पिवळ्या डोक्याचा. कडं दिसलं नाही तर 'धोबी, जात अनिश्चित' असं लिहायला लाज वाटू देऊ नये. नोंदवहीत ते खोट्या नेमकेपणापेक्षा बरं.

जुनीपोथी

संस्कृतात हाच खंजन किंवा खंजरीट. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खंजनाच्या दर्शनाच्या शकुनांवर एक अख्खा अध्याय आहे. तुलसीदासांच्या किष्किंधाकांडातल्या शरदवर्णनातही शरद ऋतू जाणून खंजन आल्याचा उल्लेख आहे. म्हणजे 'शरदातला पाहुणा' ही ओळख आपल्याकडे जुनी आहे, इंग्रजीकडून उसनी घ्यायची गरज नाही. फलकावर कंसात खंजन द्या. नाहीतर 'खंजननयना' (खंजनासारख्या चंचल डोळ्यांची) हा शब्द लोक नुसता वाचून पुढे जातात, पक्षी समोर शेपटी आपटत असतो तरी.

घाटमाथा

द्या, पण रानधोब्याला हे काही लागू नाही. तो झाडीत, सावलीत राहतो आणि शेपटी वरखाली न आपटता मागचं अंग डावी-उजवीकडे झुलवतो. छातीवर दोन काळे पट्टे. नाव धोबी, पण धुणं त्याने टाकलेलं.

विदर्भातून

नीलकंठ शब्दाचंही बघा. आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ दिसणं शुभ मानतात. तो नीलकंठ म्हणजे नीलपंख, जुना शब्द चास, संस्कृतात चाष. तारेवर बसलेला मातकट पक्षी उडाला की पंखांचा निळा रंग डोळ्यांत भरतो. गंमत म्हणजे त्याचा कंठ निळा नसतोच, तपकिरी-जांभळट आणि रेघांचा असतो. ज्याचा कंठ खरोखर निळा असतो, तो चिमणीएवढा पाहुणा मराठीत 'शंकर'. आता काही याद्यांत शंकरला 'नीलकंठी' लिहितात आणि वाचणारा दसऱ्याच्या पक्ष्याचं चित्र डोक्यात घेऊन पाणकणसात शोधत बसतो. फलकावर शंकर आणि नीलपंख असंच लिहा, नीलकंठ नको.

शंकर शोधायचा तर निळ्या गळ्याच्या मागे लागू नका. मादीच्या आणि लहान नराच्या गळ्यावर निळं फार कमी असतं किंवा नसतंच. तो जमिनीलगत पाणकणसाच्या बुडाशी पळतो. ठळक फिकट भुवई, आणि उडताना शेपटीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी विटकरी रंग. ही खूण नर-मादी दोघांत असते.

दर्यावर्दी

कोकणात आणखी एक गुंता आहे: पाकोळी. काही ठिकाणी पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळ, काही ठिकाणी फुलपाखरू, आणि पक्षी पाहणाऱ्यांच्या भाषेत स्विफ्ट. त्यात ऑक्टोबरात तारांवर ओळीने बसलेल्या पक्ष्यांनाही लोक 'पाकोळ्या आल्या' म्हणतात. त्या पाकोळ्या नव्हेत, भिंगऱ्या. पाकोळीची चारही बोटं पुढे वळलेली असतात. ती उभ्या भिंतीला लटकू शकते, तारेवर बसू शकत नाही. तारेवर बसला म्हणजे तो पाकोळी नाही. एवढं एक वाक्य फलकावर आलं तरी निम्म्या चुका टळतील.

पाहुणी ती माळभिंगरी: विटकरी गळा, त्याखाली गडद निळा पट्टा, खोल दुभंगलेली शेपटी. तारवाली भिंगरी इथलीच. तिचा गळा पांढरा, छातीवर पट्टा नाही, टोपी विटकरी. शरदात येणाऱ्या माळभिंगऱ्यांत पिल्लं बरीच असतात; त्यांची शेपटी आखूड, गळा फिकट. म्हणून शेपटीवर न जाता छातीचा पट्टा बघावा.

माळरानी

भोरडी आणि भारीट यांचीही अदलाबदल होते, दोन्ही ज्वारीवर पडतात म्हणून. भोरडी मैनेच्या कुळातली, गुलाबी अंग, काळं डोकं-पंख. भारीट म्हणजे बंटिंग, चिमणीसारखी जाड चोच. काळ्या डोक्याचा भारीट पोटाला पिवळा. भोरडीला 'पळसमैना' म्हणतात ते मात्र वसंतातलं नाव. पळस फुलतो तेव्हा ती परतीच्या वाटेवर फुलांवर तुटून पडते. ऑगस्टच्या फलकावर पळसमैना लिहिलं तर वाचणारा म्हणेल, पळस कुठाय? तेव्हा भोरडी. आणि एक सांगतो: ऑगस्टातली भोरडी बऱ्याचदा गुलाबी नसतेच. पिल्लू फिकट मातकट रंगाचं, चोच पिवळसर. लोक तिला साधी मैना समजून सोडून देतात.

थव्याची संख्या लिहिताना 'हजारो' लिहू नये. आधी दहा मोजा, ते दहा थव्यात केवढी जागा घेतात ते डोळ्यात धरा, मग तेवढे तुकडे पाडून गुणा. थवा वळताना दाट दिसतो, लांब पसरला की मोजावा.

पाणकाठ

छान. आता तिसरा प्रश्न राहिला. 'स्थलांतरित' बरोबर की 'स्थलांतरी'? आणि पॅसेज मायग्रंट?

व्याकरणवेडा

'स्थलांतरित' चुकीचं, कारण ते कर्मणी आहे, म्हणजे 'कुणीतरी हलवलेलं', असा आक्षेप अधूनमधून येतो. त्यात दम नाही. हा 'इत' धातूला लागलेला नसून नामाला लागलेला आहे: पुष्प-पुष्पित, पल्लव-पल्लवित, तसं स्थलांतर-स्थलांतरित. पाणिनीचं सूत्रच आहे, 'तदस्य संजातं तारकादिभ्य इतच्'. पण माझं मत विचाराल तर दोन्ही शब्द कागदी आहेत. फलकावर 'हिवाळी पाहुणे' लिहा. तलावावर आलेलं पोरगंही वाचेल.

दर्यावर्दी

पॅसेज मायग्रंटला 'वाटसरू'. पाहुणा मुक्कामाला येतो, वाटसरू पाणी पिऊन पुढे जातो. अमूर ससाणा नमुनेदार वाटसरू: ईशान्य आशियातून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडच्या दोयांग जलाशयाकडे प्रचंड संख्येने उतरतो, मग मध्य भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेत. आपल्याकडे थांबला तर दिवस-दोन दिवस. ठिपकेदार माशीमारही तसाच, सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसतो तेवढाच.

विदर्भातून

वाटसरू झकास. पण 'भटके' शब्द त्यात मिसळू नका. भटका म्हणजे वाट चुकून आलेला, एरवी या भागात न दिसणारा. वाटसरू दरवर्षी ठरल्या वेळी जातो, फक्त थांबत नाही. आणि पावसाबरोबर येऊन शरदात जाणारे, चातकासारखे, त्यांना 'पावसाळी पाहुणे' असा वेगळा गट करा. नाहीतर सगळ्यांना सप्टेंबरात 'आगमन' लिहाल आणि चातक तेव्हा निघालेला असेल.

घाटमाथा

तुतवारही घ्या फलकावर, काठाला तोच सगळ्यांत आधी दिसतो आणि तोही शेपूट हलवतो, म्हणून लोक त्याला धोबी समजतात. तुतवाराचं मागचं सगळं अंग हेलकावतं, शेपटी आखूड असते, आणि छातीच्या बाजूने पांढरा पट्टा खांद्यापाशी वर चढतो. उडताना पंख ताठ धरून पाण्यालगत जातो. धोब्याची चाल हवेत लाटेसारखी, वर-खाली. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी वेगळ्या. हिरवीचे पंख खालून काळपट, ठिपकेवालीचे फिकट, आणि ठिपकेवालीची भुवई लांब. उडाल्यावरच कळतं, म्हणून बसलेल्या पक्ष्याला नाव द्यायची घाई नको.

पाणकाठ

मजकूर असा करतोय: मथळा 'शरदातले पाहुणे आणि वाटसरू'. खाली पाच धोबी चित्रांसह, रहिवासी कवडा पहिला आणि वेगळ्या रंगाच्या चौकटीत. कंसात खंजन. नीलकंठ वगळला. एकच शंका: 'तुतवार'चं लिंग कोणतं?

व्याकरणवेडा

तुतवार पुल्लिंगी, तुतारी स्त्रीलिंगी. 'तुतवार आला', 'हिरवी तुतारी आली'. एका वाक्यात दोघांना आणलंत तर 'आले'.