२४५/७० आर १६ काढून थेट २८५/७५ चे मड टेरेन टायर बसवावेत का?

प्रश्न

माझी गाडी शिडीसारख्या चासीवरची आहे. एरवी ती मागच्या चाकांवर चालते, गरज पडली की पुढची चाके जोडता येतात, आणि लो रेंजची (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरची) सोयही आहे. मूळ टायर २४५/७० आर १६ मापाचे असून रिम ७ इंच रुंदीचे आहेत. वापर बहुतांशी डांबरी रस्त्यावर होतो, मात्र महिन्यातून दोन-तीन वेळा मी कच्च्या वाटांवर जातो. तेथे पाऊस पडून गेल्यावर चिकण मातीचा चिखल असतो आणि इतर वेळी दगडधोंडे असतात. मागच्या खेपेला ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत गाडी अडकली. चारही चाके जागच्या जागी फिरत होती, परंतु मागच्या डिफरन्शियलचा गोळा (मागच्या ॲक्सलच्या मध्यावरचा गिअरचा फुगीर भाग) मधल्या मातीच्या वरंब्यावर टेकल्यामुळे गाडी तसूभरही पुढे सरकेना. आता २ इंचांची लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणारे सुटे भाग) आणि २८५/७५ आर १६ चे मड टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे टायर बसवण्याचा विचार आहे. हा निर्णय योग्य ठरेल का, आणि त्यासोबत आणखी काय बदलावे लागेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

गाडी नेमकी कशामुळे अडली हे आपण स्वतःच लिहिले आहे, त्यामुळे उत्तराची दिशा सोपी झाली. गोळा टेकला असेल तर लिफ्ट किटचा काहीही उपयोग नाही, कारण अखंड ॲक्सलच्या (दोन्ही चाके एकाच सलग आडव्या दांड्याने जोडलेल्या) गाडीत लिफ्टमुळे चासी आणि बॉडी वर जाते, ॲक्सल आणि त्यावरचा गोळा मात्र जिथल्या तिथेच राहतो. तो उचलायचा असेल तर टायरचाच व्यास वाढवावा लागतो, आणि त्यातही वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग उंचीच्या रूपाने पदरात पडतो.

हिशेब असा आहे. टायरच्या मापातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंचीची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आहे ते सांगतो आणि तिसरा रिमचा व्यास इंचात देतो. त्यानुसार आपल्या मूळ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिमी येतो, २६५/७५ चा ८०४ आणि २८५/७५ चा ८३४. म्हणजे २६५/७५ ने गोळा २७ मिमी वर जाईल, २८५/७५ ने ४२ मिमी. या जास्तीच्या १५ मिमीसाठी आपण किती किंमत मोजणार आहात, हे आधी पाहावे.

पहिली अडचण रिमची आहे. २८५/७५ आर १६ साठी साधारणपणे किमान साडेसात इंच रुंदीचा रिम सांगितलेला असतो, तेव्हा आपले ७ इंचांचे रिम बदलावेच लागतील. दुसरी अडचण गिअरची. टायरचा घेर ११ टक्क्यांनी वाढला की इंजिनला गाडी ओढताना तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. अंतिम गुणोत्तर (चाक एकदा फिरण्यासाठी ॲक्सलकडे येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) ४.१० असेल तर ते व्यवहारात ३.६८ इतके उरते. चढावर वरचा गिअर टिकत नाही, आणि लो रेंजमध्ये दगडांवरून मुंगीच्या पावलाने जायचे असते तेथे गाडी नको तेवढी पळते, मग क्लच आणि ब्रेक भरडले जातात. मूळचा जोर परत मिळवायचा तर दोन्ही ॲक्सलमधले गिअर बदलून ४.५६ च्या आसपास न्यावे लागतात, आणि ते काम टायरपेक्षा मोठे आहे. स्पीडोमीटर ८० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८९ च्या वेगाने धावत असेल, हेही लक्षात असू द्यावे.

बहुतेक लोक ज्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत असे एक माप सुचवतो: २३५/८५ आर १६. त्याचा व्यास ८०६ मिमी आहे, म्हणजे उंची जवळजवळ २६५/७५ इतकीच, पण रुंदी आपल्या मूळ टायरपेक्षाही १० मिमी कमी. आपल्याच ७ इंचांच्या रिमवर तो बसतो. दिसायला सडपातळ असतो आणि गाडीला त्यामुळे रुबाब येत नाही, हाच काय तो त्याचा दोष.

उत्तर २

मी २८५/७५ बसवून पस्तावलो आहे, म्हणून लिहितो. टायर बसवल्यावर वाहनतळात स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिले, कुठेही घासत नव्हते, म्हणून निर्धास्त झालो. पहिल्याच खडकाळ वाटेवर रिव्हर्समध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवलेले असताना पुढचे डावे चाक दगडावर चढले, स्प्रिंग पूर्ण दबली आणि टायरने मडगार्डच्या आतले अस्तर फाडून बाहेर ओढले.

तेव्हापासून मी खडूने तपासणी करतो. मडगार्डच्या आतल्या भागावर आणि चासीच्या जवळच्या कडेवर खडू जाड फासायचा, पुढचे एक चाक उंच दगडावर चढवून दाबायचे, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलेले ठेवून पुढे व मागे अशी दोन्हीकडे गाडी थोडी हलवायची. जिथला खडू पुसला जाईल तिथे टायर लागतो. मागे घेताना आणि पुढे जाताना खुणा वेगवेगळ्या ठिकाणी उमटतात, हे मला तेव्हाच कळले.

आणखी एक गोष्ट म्हणजे स्टेपनी. ती गाडीच्या पोटाखाली टांगलेली असेल तर तिथे मोठा टायर मावतो का, हे टायर घेण्याआधीच टेपने मोजावे. जुन्या मापाची स्टेपनी चालवून घेऊ, असे मनात आणू नये. आपली गाडी पार्ट-टाइम प्रकारची, म्हणजे गरजेपुरतीच पुढची चाके जोडणारी आहे. वेगळ्या व्यासाचे एक चाक लावून कडक जमिनीवर फोर व्हील ड्राइव्ह जोडला तर पुढचे आणि मागचे ॲक्सल एकमेकांविरुद्ध ताणले जातात आणि तो ताण ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. पाचही टायर एकाच मापाचे घ्यावेत.

उत्तर ३

मापाविषयी पहिल्या उत्तराशी सहमत आहे. मात्र मड टेरेन घ्यावे की ऑल टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर), याबद्दल कोणीच लिहिले नाही. वर्षभर डांबरावर चालणाऱ्या गाडीला मड टेरेन घालणे मला पटत नाही. त्यांचे रबराचे ठोकळे मोठे असतात आणि त्यांवर बारीक चिरा फार कमी असतात, त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेक लावताना पकड सुटते. आवाजाचा त्रास वेगळाच. परंतु आपला चिखल चिकण मातीचा आहे, आणि इथेच गोष्ट बदलते. ऑल टेरेनच्या अरुंद खाचा अशा मातीने बुजल्या की टायर गोट्यासारखा गुळगुळीत होतो. मड टेरेनच्या रुंद खाचांतली माती चाक वेगाने फिरले की बाहेर फेकली जाते. चिखलाखाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापत तिच्यापर्यंत पोहोचतो. तळच सापडत नसेल तर मात्र रुंद टायर बरा.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका परिचिताकडून २६५/७५ चा एक टायर उसना घेऊन डावीकडे पुढे लावला आणि खडूची तपासणी केली. पुढे जाताना काहीच लागले नाही, पण रिव्हर्समध्ये मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर लांबीची खूण उमटली. २३५/८५ प्रत्येक बाजूला १५ मिमीने अरुंद असल्याने ती खूण टळेल असा अंदाज आहे. चिखलाखाली बऱ्याच ठिकाणी मुरूम आहे, तेव्हा अरुंद टायरच घेतो, पण ऑल टेरेन प्रकारचे. लिफ्टचा विचार सोडला आहे. एकच शंका उरली आहे: हवा किती ठेवावी? दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाबच ठेवायचा का?

उत्तर ४

नाही. स्टिकरवरचा आकडा मूळ टायरसाठी आहे. २३५/८५ आर १६ सहसा हलक्या मालवाहू वाहनांच्या वर्गात येतो. त्याच्या कडेवर १२०/११६ असे भारक्षमतेचे सांकेतिक आकडे लिहिलेले दिसतील. त्यातला पहिला आकडा जोडचाक नसलेल्या, एकेरी चाकासाठी असतो आणि १२० म्हणजे १४०० किलो. पण तेवढा भार पेलण्यासाठी त्याला बराच जास्त दाब लागतो, आणि मूळ टायरच्याच दाबावर ठेवल्यास त्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी भरू शकते. म्हणून टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात आपल्या ॲक्सलवरचे वजन शोधून किमान दाब ठरवावा, आणि मग खडूच वापरावा: टायरच्या पृष्ठभागावर आडवी रेघ ओढून सपाट रस्त्यावर थोडे अंतर सरळ गाडी चालवावी. रेघ फक्त मध्यभागी पुसली गेली तर हवा जास्त आहे, फक्त कडांना पुसली गेली तर कमी. रेघ सारखी पुसली जाईपर्यंत थोडी थोडी हवा कमी-जास्त करत जावे, मात्र तक्त्यातल्या आकड्याखाली जाऊ नये.

कच्च्या वाटेवर तोच टायर १८ ते २२ पीएसआयवर (हवेच्या दाबाचे एकक) आणल्यास जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि दगडावरची पकड लगेच जाणवण्याइतकी वाढते. पण १५ च्या खाली गेल्यास वळणावर टायरची कड रिमवरून निसटण्याचा धोका असतो. कमी हवेवर वेग ताशी ३० किमीपलीकडे नेऊ नये, नाहीतर साइडवॉल तापते. डांबरी रस्त्यावर चढण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी लागते, त्यामुळे गाडीत कॉम्प्रेसर ठेवावा. टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. पाचही टायरवर ते शक्यतो जवळजवळचे असावेत. आणि ठोकळ्यांवर बोट फिरवून बारीक तडे गेले आहेत का ते पाहावे, कारण बराच काळ पडून राहिलेला टायर न वापरताही जुनाच असतो.